ह्युमिडिफायर घेतला तरी त्रास तसाच? यंत्र बदलायच्या आधी घरातलं पाणी बघा (नाशिककरांसाठी)

ह्युमिडिफायर म्हणजे खोलीतली कोरडी हवा ओलसर करणारं यंत्र. आधी त्याच्या तक्रारींची लक्षणं सांगतो, तुमचं कुठलं जुळतंय बघा.

टीव्हीच्या स्क्रीनवर, ड्रेसिंग टेबलच्या आरशावर, काळ्या सनमायकावर पांढरी बारीक भुकटी बसते, पुसली की दुसऱ्या दिवशी परत हजर. घरात एअर प्युरिफायर असेल तर ह्युमिडिफायर लावल्या लावल्या त्याचा दिवा लाल होतो.

पहिला महिना धूर (यंत्रातून निघणारा पांढरा फवारा) भरपूर, मग कमी कमी होत गेला आणि आता नुसता पंख्याचा आवाज येतो.

यंत्राखालची फरशी ओली, शेजारचा पडदा दमट, कधी भिंतीला काळे ठिपके.

रात्रभर चालू असतो तरी सकाळी घशाला कोरड, ओठ फुटलेले, आणि पोराच्या नाकाचा घोळणा फुटायचा तो फुटतोच.

टाकी उघडली की कुबट वास आणि तळाला बुळबुळीत थर.

मी नाशिकमध्ये घरगुती वस्तू दुरुस्त करतो, मिक्सर, इस्त्री, कूलर, आणि गेली काही वर्षं दिवाळी झाली की ह्युमिडिफायर यायला लागतात ते थेट मेपर्यंत. वरच्या पाचही तक्रारी मी इतक्या वेळा बघितल्यात की आता पिशवीतून यंत्र बाहेर काढायच्या आधी मी एकच विचारतो, टाकीत पाणी कुठलं भरता? नळाचं, बोअरचं, टँकरचं की आरओचं? दहातल्या सात-आठ वेळा उत्तर तिथेच मिळतं. यंत्र बिघडलेलं नसतं, त्या घराच्या पाण्याला चालणारा प्रकारच घेतलेला नसतो. दुकानात सगळे खोली किती मोठी, टाकी किती लिटरची, लाईट किती रंगांची एवढंच बघतात आणि पाण्याचं कोणी विचारत नाही.

प्रकार समजून घ्या म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. बाजारात सगळ्यात जास्त मिळतो तो अल्ट्रासॉनिक, त्याच्या तळाला रुपयाच्या नाण्याएवढी चकती, म्हणजे डिस्क, असते, ती सेकंदाला सतरा लाखांच्या आसपास वेळा थरथरते आणि पाण्याचे अगदी बारीक तुषार करून वर फेकते. आपण त्याला वाफ म्हणतो पण ती वाफ नाहीये, ते पाण्याचे थेंबच आहेत, आणि थेंबात जे विरघळलंय ते सगळं थेंबाबरोबर हवेत जातं. दुसरा इव्हॅपोरेटिव्ह, म्हणजे ओल्या वातीतून किंवा जाळीतून पंखा हवा ओढतो, पाणी आपोआप उडतं, क्षार वातीतच राहतात, बाहेर काही दिसत नाही म्हणून लोकांना वाटतं की चालत नाहीये. तिसरा वाफेचा, पाणी उकळतो, खरी वाफ सोडतो, क्षार त्याच्या तळाला खाली राहतात, आपल्या कुकरच्या तळाला बसतात ना तसेच.

आता तपासणी. फुकटातली पहिली, हत्यार लागणारी शेवटी. मधली पायरी सोडू नका, कारण खूप जण सरळ शेवटच्या पायरीवर येतात, नवीन डिस्क बसवून घेतात आणि दोन महिन्यांत परत माझ्याकडे येतात.

हवा खरंच कोरडी आहे का

हे विचारायचं कारण म्हणजे नाशिकची हवा वर्षभर एकसारखी नसते. जून ते सप्टेंबर इथे ह्युमिडिफायरची काहीच गरज नाही, उलट कपाटातल्या चपलांना बुरशी येते. खरी कोरड सुरू होते नोव्हेंबरपासून. थंडीत गंमत अशी होते की पहाटे बाहेर दव पडलेलं असतं, हवा दमट वाटते, पण तीच थंड हवा घरात येऊन गरम झाली की कोरडी होते. हिशोब बघा, १० अंशाच्या हवेत एका घनमीटरमध्ये जास्तीत जास्त साधारण साडेनऊ ग्रॅम पाणी मावतं, २२ अंशाला मावतं साडेएकोणीस ग्रॅम. म्हणजे बाहेर आर्द्रता ८० टक्के असली तरी तेवढंच पाणी घरातल्या २२ अंशाला ४० टक्क्यांच्या खाली दिसतं. त्यात रूम हीटर लावला की अजून खाली. निफाडकडे थंडी जास्त, तिकडे हा फरक अजून जाणवतो. मग मार्च ते मेच्या दुपारी तर हवाच कोरडी, वर एसी लावला की तो उरलंसुरलं पाणी पाईपने बाहेर काढतो.

त्यामुळे पहिली खरेदी ह्युमिडिफायरची नाही, हायग्रोमीटरची. आर्द्रता दाखवणारं छोटं डिजिटल घड्याळासारखं यंत्र, काहीशे रुपयांत मिळतं. ते ह्युमिडिफायरच्या तोंडासमोर ठेवू नका, खाटेच्या उंचीवर, यंत्रापासून पाच-सहा फूट लांब ठेवा, आणि सलग तीन-चार रात्री झोपताना आणि उठल्यावर आकडा लिहून ठेवा. ४० ते ५० टक्के असेल तर हवेला काही झालेलं नाही, घसा कोरडा पडायचं कारण दुसरं काहीतरी आहे, तोंडाने श्वास घेणं, ॲलर्जी, डोक्यावर फुल स्पीडचा पंखा. ३० च्या खाली असेल तर मात्र गरज आहे. ६० च्या वर नेऊच नका, तिथून बुरशी सुरू होते, आणि धुळीतले माईट्स म्हणजे गादीतले सूक्ष्म कीटक तर ५० च्या वरच खूश असतात, म्हणजे दमेकऱ्याच्या भल्यासाठी लावलेलं यंत्र त्याच्याच मुळावर उठतं.

मीटरवर भरवसा नसेल तर घरच्या घरी तपासता येतो. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, थेंब थेंब पाणी घालून ओलं करा पण विरघळू देऊ नका, ते आणि मीटर एका झिपच्या पिशवीत हवाबंद करून आठ-दहा तास ठेवा. आकडा ७५ च्या जवळ यायला हवा. ७० दाखवत असेल तर तुमचा मीटर पाचाने कमी दाखवतो एवढं लक्षात ठेवायचं आणि वापरायचा, फेकून द्यायची गरज नाही.

कुठे ठेवलाय

फुकटातलं काम आणि ओल्या फरशीच्या तक्रारी निम्म्या इथेच मिटतात. अल्ट्रासॉनिकचे थेंब हवेत उडून जायला त्यांना थोडं अंतर लागतं. यंत्र फरशीवर ठेवलं तर थंडीतल्या गार टाईल्सवर थेंब तसेच बसतात, मग फरशी निसरडी होते, आणि म्हातारं माणूस रात्री उठलं तर पाय घसरायची भीती. कमरेएवढ्या स्टुलावर ठेवा, भिंतीपासून हातभर लांब, तोंड खोलीच्या मध्याकडे, लाकडी फर्निचर, प्लग पॉइंट आणि एसीच्या झोतापासून दूर. खिडकी फटफटीत उघडी ठेवून लावत असाल तर मात्र तुम्ही अख्ख्या गल्लीची हवा ओली करायला निघालात, काही उपयोग होणार नाही. पूर्ण बंद खोलीही नको, फट राहू द्या.

खोलीला पुरतो का

हे गणित कोणी करत नाही म्हणून इथे करून दाखवतो. १२ बाय १० ची खोली, उंची १० फूट, म्हणजे साधारण ३४ घनमीटर हवा. २२ अंशाला ३० टक्क्यांवरून ५० वर न्यायला लागतात सव्वाशे-दीडशे मिली पाणी, म्हणजे पेलाभर. ऐकायला कमी वाटतं, पण खोलीतली हवा सतत बदलते, दरवाजाखालच्या फटीतून, खिडकीतून. तासाला निम्मी हवा जरी बदलली तरी दर तासाला अजून साठ-सत्तर मिली टाकत राहावं लागतं. आता तो पेल्याएवढा यूएसबीवाला, गाडीत ठेवायचा मिळतो ना, तो तासाला तीस-चाळीस मिली सोडतो. त्याने टेबलावर बसलेल्या माणसाच्या नाकासमोर बरं वाटेल, बेडरूमचा आकडा हलणार नाही. बेडरूमला तासाला दोनशे मिलीच्या पुढचा हवा. टाकी किती लिटरची ते नंतर बघा, तासाला किती मिली हे डब्यावर शोधा.

पाणी, सगळ्यात महत्त्वाचं

सगळ्यात सोपी चाचणी अशी, स्टीलच्या स्वच्छ ताटलीत दोन चमचे तेच पाणी घ्या जे तुम्ही टाकीत भरता आणि उन्हात वाळू द्या. शेजारी आरओचे दोन चमचे. वाळल्यावर पांढरं वर्तुळ राहिलं की समजायचं, हेच तुमच्या टीव्हीवर बसतंय. शंभर-दोनशे रुपयांचा टीडीएस मीटर (टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) घेतला तर आकडाही कळतो.

आकड्याचा अर्थ सांगतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस १०५०० मध्ये, टीडीएसची मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे आणि दुसरी सोय नसेल तर २००० पर्यंत चालतं असं धरलंय. म्हणजे ५०० चं पाणी प्यायला पास आहे, पण अल्ट्रासॉनिकमध्ये ते रात्रभरात तीन लिटर उडवलं तर दीड ग्रॅम क्षार हवेत गेले. दीड ग्रॅम म्हणजे चिमूट-दोन चिमूट बारीक भुकटी, रोज, बंद खोलीत, आणि जी फर्निचरवर दिसते तीच रात्रभर श्वासातूनही गेलेली असते. लहान बाळाच्या खोलीत हे मला अजिबात पटत नाही.

आपल्याकडे गंगापूर धरणाचं नळाचं पाणी तुलनेने हलकं असतं, माझ्या मीटरवर बहुतेक वेळा दोनशेच्या आत येतं. बोअरचं मात्र आपल्या काळ्या कातळातून, बेसॉल्टमधून येतं, कॅल्शियम मॅग्नेशियम घेऊनच येतं, सातशे-आठशे मी बऱ्याच ठिकाणी बघितलंय. आता खरी मेख इथे आहे. पाथर्डी फाट्याकडच्या एक ताई दोन वर्षं सलग मार्चमध्ये तेच यंत्र घेऊन आल्या, म्हणे दादा, थंडीत एकदम मस्त चालतो, उन्हाळा आला की पावडर टाकायला लागतो, आत काहीतरी झिजलंय का बघा ना. मी यंत्र उघडलं, काही नाही. मग विचारलं, ताई उन्हाळ्यात सोसायटीत पाणी कमी पडतं का, तर म्हणाल्या हो, मग बोअर चालू करतात आणि टँकर पण येतो, सगळं एकाच टाकीत. झालं. नळ तोच, बाथरूम तेच, फक्त टाकीतलं पाणी बदललं होतं. म्हणून टीडीएस एकदाच मोजून सोडून देऊ नका, जानेवारीत मोजा आणि एप्रिलमध्ये परत मोजा.

पाण्याबद्दल लोक काय काय उपाय करतात तेही सांगतो कारण यातले बरेच चुकीचे आहेत. उकळलेलं पाणी घालून भुकटी थांबत नाही, उकळल्यावर थोडे क्षार भांड्याला चिकटतात पण बाकीचे पाण्यातच राहतात. सोसायटीत सॉफ्टनर प्लँट आहे म्हणून निर्धास्त राहू नका, सॉफ्टनर कॅल्शियम काढतो आणि त्याच्या जागी सोडियम सोडतो, टीडीएस जवळपास तेवढाच राहतो, म्हणजे डिस्कवर कडक थर बसणार नाही पण भुकटी येणारच. आरओच्या वेस्ट पाईपचं पाणी तर मुळीच नको, पाणी वाचवायची भावना चांगली आहे पण त्यात क्षार मूळ पाण्यापेक्षा जास्त असतात, ते फरशी पुसायला वापरा. एसीच्या पाईपचं पाणी क्षाराच्या हिशोबाने हलकं असतं पण ते धुळीने भरलेल्या कॉईलवरून आणि ट्रेमधून आलेलं असतं, त्याचे तुषार करून श्वासात घ्यायचे नाहीत. आरओचं पिण्याचं पाणी, टीडीएस पन्नासच्या आसपास, हे अल्ट्रासॉनिकला योग्य. मेडिकलमध्ये किंवा बॅटरीवाल्याकडे मिळतं ते सीलबंद डिस्टिल्ड वॉटरही चालतं पण रोज तीन लिटर परवडणार कुणाला.

आणि एक हात जोडून सांगतो. टाकीत नीलगिरी, कापूर, अत्तर, डेटॉल, बाम, काहीही घालू नका. तेलाने प्लास्टिकला चिरा जातात, डिस्कवर थर बसतो हे एक झालं. पण टाकीत जे घालाल ते थेट फुप्फुसात जातं हे मोठं. दक्षिण कोरियात ह्युमिडिफायरच्या पाण्यात घालायची जंतुनाशकं वर्षानुवर्षं दुकानात उघड विकली जात होती, माणसं फुप्फुसं निकामी होऊन गेली, त्यात गरोदर बायका आणि लहान मुलं होती, २०११ मध्ये कारण सापडलं आणि ती बाजारातून काढली. हातावर चोळायला चांगलं ते श्वासात घ्यायला चांगलं असं नसतं. सुगंधासाठी काही यंत्रांत वेगळा छोटा कप्पा असतो, हवंच असेल तर तेवढंच.

सफाई

धूर कमी झालाय, बंद पडलाय, वास येतोय, तर प्लग काढून हे करा. टाकी आणि बेस वेगळे करा, पाणी हवेच्या भोकाच्या उलट्या बाजूने ओता, नाहीतर ते पंख्यात जातं (बेसवर बाणाची खूण असते बघा, ती त्यासाठीच). लिंबूसत्व, म्हणजे ढोकळ्याला वापरतो ते सायट्रिक ॲसिड, एक चमचा अर्धा लिटर कोमट पाण्यात, ते डिस्कच्या खळग्यात भरून वीस-पंचवीस मिनिटं ठेवा. पांढरं व्हिनेगर असेल तर ते अर्धं आणि पाणी अर्धं. मग कान साफ करायच्या कापसाच्या काडीने हलक्या हाताने गोल फिरवा, थर सुटून येतो. सुरी, स्क्रू ड्रायव्हर, तारेचा चोथा लावायचा नाही. डिस्कवर धातूचा अगदी पातळ मुलामा असतो, ओरखडा गेला की ती गेलीच, आणि माझ्याकडे येणाऱ्या मेलेल्या डिस्कांपैकी कितीतरी घरच्या सफाईतच मेलेल्या असतात. दोन-तीनदा साध्या पाण्याने धुवा. लिंबूसत्व किंवा व्हिनेगर वापरलं त्याच वेळी ब्लीच कधीच वापरू नका, विषारी वायू तयार होतो.

डिस्कवर थर का महत्त्वाचा, तर ती मोकळी थरथरली तरच पाणी फुटतं, वर खडूसारखा पापुद्रा बसला की ती तेवढीच वीज खाऊन आतल्या आत तापते. नळाच्या पाण्यावर आठवड्याला एकदा, बोअरवर चालवत असाल तर तीन दिवसांनी हे करावं लागतं, आणि एवढं करणं होत नसेल तर तुमच्यासाठी हा प्रकार नाही. टाकीतलं पाणी रोज सकाळी ओतून टाकायचं, टाकी उघडी वाळवायची. कालच्या पाण्यावर आजचं वरून ओतायचं नाही, त्या बुळबुळीत थरात जंतू वाढतात आणि अल्ट्रासॉनिक ते पाण्याबरोबर जसेच्या तसे हवेत फेकतो, कारण तिथे काही उकळत नाही.

सफाईनंतरही धूर नाही, तर आत जायच्या आधी तीन गोष्टी. बेसमधला तरंगता खटका, फ्लोट, क्षाराने अडकलाय का, बोटाने वर-खाली करून बघा, तो अडकला की यंत्राला वाटतं पाणी संपलं. पंख्याच्या खालच्या जाळीत धूळ आहे का, पंखा बंद असेल तर धूर आत होतो पण बाहेर येत नाही. आणि यूएसबीवाला असेल तर अडॅप्टर बदलून बघा, जुन्या मोबाईलच्या कमी अँपियरच्या चार्जरवर तो नुसता दिवा लावतो.

इव्हॅपोरेटिव्ह वाल्यांनी वात बघा, कडक, पिवळी, पुठ्ठ्यासारखी झाली असेल तर ती पाणी ओढत नाही, लिंबूसत्वात बुडवून एकदा वाचते, दुसऱ्यांदा नवीनच घ्या. घेतानाच विचारा की वात सुटी मिळते का, मिळत नसेल तर ते यंत्र एका सीझनचं आहे.

इथे थांबा

बेसमध्ये पाणी शिरलंय, जळका वास आला, हात लावला की मुंग्या येतात, किंवा पंखा चालतो, दिवा लागतो, डिस्क स्वच्छ आहे तरी धूर नाही, तर पुढे उघडू नका. आत मेनलाईनचं सर्किट आहे, प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये करंट राहतो, आणि हे यंत्र पाण्याचं आहे हे विसरू नका. डिस्क बदलणं हे सोल्डरिंगचं काम, त्याच मापाची आणि त्याच फ्रिक्वेन्सीची लागते, भोवतीचं रबर नीट बसलं नाही तर गळती सरळ सर्किटवर. वॉरंटी असेल तर सर्व्हिस सेंटर, नसेल तर दुरुस्तीवाला, आणि दुरुस्तीचा खर्च नव्याच्या निम्म्याच्या वर जात असेल तर मी स्वतः गिऱ्हाईकाला सांगतो की करू नका.

भिंतीचे काळे डाग ह्युमिडिफायर आठ दिवस बंद ठेवूनही वाढत असतील तर ती पाईपची किंवा वरच्या बाथरूमची गळती आहे, प्लंबर बोलवा. आणि घोळणा वारंवार फुटतोय, थांबत नाही, किंवा यंत्र लावल्यापासून खोकला, धाप, ताप सुरू झालाय, तर यंत्र बंद करा आणि डॉक्टरकडे जा, माझ्यासारख्याकडे नाही.

मग घ्यायचा कुठला

आरओचं पाणी रोज दोन-तीन लिटर देता येतं आणि आठवड्याला सफाई होते, तर अल्ट्रासॉनिक घ्या, आवाज नाही, वीज पंचवीस-तीस वॅट, बेडरूमला उत्तम. आर्द्रतेवर आपोआप बंद होणारा मिळाला तर थोडे पैसे जास्त द्या.

बोअर किंवा टँकरच्या पाण्याचं घर असेल तर इव्हॅपोरेटिव्ह. हवा जितकी ओली होत जाते तितकं पाणी कमी उडतं, त्यामुळे तो स्वतःच आवरता घेतो, खोली चिंब करत नाही. महाग आहे, दुकानात सहज दिसत नाही, वातीचा खर्च आहे, तरी मी बोअरवाल्यांना हाच सांगतो.

वाफेचा थंडीत बरा वाटतो, जंतू उकळून मरतात, भुकटी नाही. पण तासाला ३०० मिली पाणी उकळून उडवायला दोनशे-सव्वादोनशे वॅट लागतातच, म्हणजे आठ तासांना पावणेदोन युनिट. आणि रांगतं मूल असेल तर मी नको म्हणतो, वायर ओढली की उकळतं पाणी अंगावर. त्या स्वस्त प्लास्टिकच्या वाफाऱ्याच्या यंत्रांत तर दोन पट्ट्या थेट पाण्यात बुडवलेल्या असतात, करंट पाण्यातूनच जातो, म्हणून प्लग चालू असताना त्या पाण्याला बोट लावायचं नाही. आरओचं पाणी घातलं की ते चालत नाही कारण क्षार नसलेल्या पाण्यातून करंट नीट जात नाही, आणि लोक बिघडलं म्हणून घेऊन येतात. रात्रभर चालवायची ती वस्तू नाही.

आणि ज्यांच्या घरात कूलर आहे त्यांनी लक्षात घ्या, एप्रिल-मेला तुमच्याकडे इव्हॅपोरेटिव्ह ह्युमिडिफायर आहेच, तासाला लिटरांनी पाणी उडवणारा. त्या दिवसांत वेगळा काही घेऊ नका, वाळ्याची किंवा हनीकॉम्बची जाळी बदला, टाकी धुवा, एक खिडकी उघडी ठेवा.

थंडीत पैसे खर्च करायच्या आधी एक आठवडा हे करून बघा. मशीनमधून पिळून निघालेल्या कपड्यांत लिटर-दीड लिटर पाणी सहज असतं. ते स्टँडवर रात्री बेडरूममध्ये वाळत घाला, आणि सकाळी हायग्रोमीटर बघा. इंदिरानगरच्या एका आजोबांना नातवासाठी यंत्र घ्यायचं होतं, मी त्यांना मीटर दिला आणि म्हटलं बाबा आधी हे आठ दिवस करा. आकडा २८ वरून ४४ वर आला, पोराचं नाक शांत झालं, यंत्र घेतलंच नाही. खोली बारकी होती म्हणून जमलं, हॉल मोठा असता तर नसतं जमलं.

जूनमध्ये पहिला पाऊस पडला की यंत्र बंद. लिंबूसत्वाने धुऊन, दोन दिवस उन्हाच्या कडेला उघडं वाळवून, वात काढून टाकून, टाकीचं झाकण सैल ठेवून माळ्यावर टाका. ओलं तसंच डब्यात भरलेलं यंत्र नोव्हेंबरमध्ये उघडलं की आत काळी बुरशी असते, आणि ती टाकी मी कोणालाच परत वापरायला सांगत नाही.